अन्ननलिकेचा कर्करोग : उपचार, शुश्रूषा आणि पुन्हा जेवायला शिकणे

घशाच्या खालच्या टोकापासून जठरापर्यंत जाणारी, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी म्हणजे अन्ननलिका. पुढे श्वासनलिका, मागे पाठीचा कणा, शेजारी हृदय आणि महारोहिणी, अशा दाटीच्या जागेतून ती छातीत खाली उतरते. घास तिच्यात शिरला की स्नायूंची एक लाट त्याला काही सेकंदांत जठरात पोचविते. आडवे पडूनही आपल्याला पाणी पिता येते ते या लाटेमुळेच. शाळेत हा पाठ आम्ही एका आकृतीत संपवितो, कारण नळीविषयी याहून अधिक सांगण्याची गरज पडत नाही. ती गरज पडते घरात कोणाला तरी या नळीचा कर्करोग झाला म्हणजे. मग औषधांची नावे सगळेच पाठ करतात, परंतु रुग्णाला रोज काय, किती आणि कसे खाऊ घालावे, हे नीट सांगणारा माणूस मात्र सहजी भेटत नाही. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या प्रश्नाविषयी आहे. बाकीचा विचार त्याला लागेल तेवढाच केला आहे.

या रोगाचा मोठा दगा असा की तो उशिरा कळतो. नळी लवचिक आहे, त्यामुळे तिची पोकळी बरीचशी आक्रसेपर्यंत अन्न कसेबसे खाली जात राहते. प्रथम भाकरी अडते. मग माणूस ती आमटीत कुस्करून खाऊ लागतो. काही दिवसांनी भाकरी सोडून भातावर येतो, पुढे मऊ भात, त्यानंतर पेज किंवा आंबील. प्रत्येक पायरीवर एक कारण तयार असते : दात राहिले नाहीत, पित्त वाढले, वय झाले. रुग्ण स्वतःला फसवितो असे नव्हे. तो जुळवून घेतो, आणि घरही त्याच्याबरोबर जुळवून घेते. माझे मत असे आहे की हा रोग डॉक्टरांच्याही आधी ओळखण्याची संधी घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला असते. ताटातील भाकरी परत येऊ लागली, पहिल्या घासाबरोबर पाण्याचा पेला लागू लागला, अंगरखा सैल झाला, तर दोनतीन आठवड्यांपलीकडे वाट पाहू नये. घट्ट पदार्थ आधी आणि पातळ पदार्थ नंतर अडू लागणे, ही खूण विशेष लक्षात ठेवावी. आवाज बसणे आणि पाणी पिताना ठसका लागणे या त्यापुढच्या खुणा होत.

हम्फ्री बोगार्ट हा अमेरिकन नट चित्रपट पाहणाऱ्या जुन्या मंडळींना आठवत असेल. खोकला आणि जेवणातील अडचण अंगावर काढीत तो १९५६ च्या जानेवारीत डॉक्टरांकडे गेला, मार्चमध्ये त्याची अन्ननलिका काढण्यात आली आणि १४ जानेवारी १९५७ रोजी तो वारला. त्या काळी लवकर गेला असता तरी साधने तोकडीच होती. आज ती तशी नाहीत, म्हणून आजचा विलंब अधिक महाग पडतो.

कारणांविषयी थोडक्यात. आपल्या देशात या रोगाचा अधिक आढळणारा प्रकार नळीच्या अस्तरातील चपट्या पेशींत उद्भवतो. तंबाखू, विडी-सिगारेट, दारू आणि सुपारी यांच्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. तंबाखू नसलेली पानसुपारीही निर्दोष नाही, हे आपल्याकडे अनेकांना अजून पटत नाही. दुसरा प्रकार नळीच्या खालच्या टोकाशी, ग्रंथींच्या पेशींत होतो. वर्षानुवर्षे जठरातील आम्ल वर येणे आणि स्थूलपणा ही त्याची मुख्य कारणे. पाश्चात्य देशांत हाच अधिक दिसतो. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक ऊन पेय पिण्याची सवय बहुधा या रोगास कारणीभूत होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दिला. चहा बशीत ओतून, निववून पिण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत त्या दृष्टीने शहाणपणाचीच म्हणायची. मात्र एकही व्यसन नसलेल्या माणसालाही हा रोग होतो. ज्याला झाला त्याच्या उशाशी बसून कारणांचा हिशेब विचारण्यात काही हशील नाही. तंबाखू आणि दारू आजपासून बंद, एवढेच बोलावे, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी फुप्फुसांना आणि जखम भरून येण्याला त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

निदान दुर्बिणीच्या तपासणीने होते. लवचिक नळी तोंडावाटे आत सोडून अस्तर पाहतात आणि संशयित जागेचा तुकडा काढून तपासावयास पाठवितात. काम थोड्या मिनिटांचे असते. त्याचे भयच मोठे. नंतर सीटी, आणि जेथे शक्य असेल तेथे पेट स्कॅन करून रोग कोठवर पसरला हे ठरवितात. या तपासण्यांत एखादा पंधरवडा जातो आणि घरच्यांना वाटते की नुसता वेळ दवडला जात आहे. ते खरे नाही. रोग केवळ वरच्या थरात असेल तर दुर्बिणीतूनच तो खरवडून काढता येतो. भिंतीत खोल शिरला असेल किंवा जवळच्या गाठींत गेला असेल तर उपचार वेगळा. यकृतात वा दूरच्या फुप्फुसात पोचला असेल तर त्याहून वेगळा. नकाशा नसताना केलेली घाई रुग्णाच्याच अंगाशी येते.

मधल्या अवस्थेतील रुग्णांसाठी आज जो उपचार सर्वत्र ओळखला जातो, त्याचा पाया नेदरलँड्समधील एका अभ्यासाने घातला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ३६६ रुग्णांपैकी काहींची सरळ शस्त्रक्रिया केली, तर काहींना आधी पाच आठवडे किरणोपचार आणि त्याबरोबर आठवड्यातून एकदा कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही औषधे देऊन मग शस्त्रक्रिया केली. सरळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण २४ महिन्यांपलीकडे जगले. आधी उपचार घेतलेल्यांत हाच आकडा ४९ महिन्यांवर गेला. चपट्या पेशींच्या प्रकारात तर जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत रोगाची एकही जिवंत पेशी सापडली नाही. खालच्या टोकाच्या ग्रंथिपेशींच्या प्रकारासाठी शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर चार औषधांचा संच देणे अधिक लाभदायक ठरते, असे एका जर्मन अभ्यासातून २०२४ मध्ये पुढे आले. हे आकडे ‘माझे काय होणार’ याचे उत्तर देत नाहीत. निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे, एवढाच त्यांचा अर्थ. गणिताच्या तासाला मुलांना मध्यक शिकविताना जो अर्थ सांगतो तोच.

शस्त्रक्रियेचा दिवस येण्यापूर्वी जे दोनतीन महिने मिळतात, ते वाट पाहण्यात घालवू नयेत. रुग्णाने रोज चालावे, जमेल तेवढे, आणि दर आठवड्यास थोडे अधिक. तीन चेंडू वर उचलण्याचे ते प्लास्टिकचे श्वासाचे यंत्र स्वस्त मिळते; जागेपणी दर तासाला त्यावर दहा श्वास घ्यावेत. किडके दात दाखवून घ्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, वजन उतरू देऊ नये. हा रोग माणसाला दोन बाजूंनी खातो : एक तो स्वतः, दुसरी उपासमार. ज्याचे वजन झपाट्याने घटले आहे, त्याला औषधांचा त्रास अधिक होतो आणि त्याच्या जखमा सावकाश भरतात.

येथे आपल्याकडील एका समजुतीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. आजाऱ्याला ‘डाळीचे पाणी’ देण्याची पद्धत घरोघर आहे. वरण शिजवून वर आलेले पाणी गाळून द्यायचे आणि खाली राहिलेली डाळ इतरांनी खायची, याचा अर्थ रुग्णाला मीठहळदीचे पाणी देऊन बळ इतरांनी घ्यायचे. डाळ घोटून, चाळणीतून काढून, तूप घालून तीच रुग्णाला द्यावी. हिशेब असा : अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३० कॅलरी लागतात. रुग्ण ५० किलोचा असेल तर प्रथिने ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, अर्ध्या लिटर दुधातून सुमारे १६, साठ ग्रॅम डाळीतून १३-१४, मूठभर शेंगदाण्यांच्या कुटातून ७. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, साठ ग्रॅम डाळ, तेवढ्याच फुटाण्यांचे पीठ आणि शेंगदाणे यांवर साठ ग्रॅमची मजल गाठता येते. अंडे चालत नसेल त्या घरी दही, पनीर आणि दुधाची पावडर वाढवावी. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असेल तर हा हिशेब आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्यावा.

घास जातच नसेल तर डॉक्टर नाकावाटे जठरात नळी घालतात, किंवा पोटावर छोटेसे छिद्र करून आतड्यात नळी बसवितात. नळी बसली की घरात रडारड होते, जणू सर्व संपले. वास्तविक उपचार पार पाडता यावा म्हणून केलेली ती सोय असते. नाकातील नळीने खाऊ घालताना रुग्णाला बसते करावे किंवा डोके चांगले उंच ठेवावे, आणि नंतरही अर्धापाऊण तास तसेच राहू द्यावे. अन्न मिक्सरमधून काढून कापडाने गाळावे, कोमट असावे, सावकाश सोडावे, आणि शेवटी स्वच्छ पाण्याने नळी धुवावी. एक दिवस आळस केला की नळी तुंबते. आतड्यातील नळीचे अन्न मात्र थेंबाथेंबाने जावे लागते. तेथे घाई केली तर पोटात मुरडा आणि जुलाब ठरलेले.

किरणोपचाराच्या दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यात गिळणे आधीपेक्षा अधिक दुखू लागते. पुष्कळ रुग्ण याच ठिकाणी उपचार सोडून गावी परततात, ‘गुण येण्याऐवजी वाढलेच’ म्हणून. हा रोगाचा जोर नसून किरणांनी अस्तराला आलेली सूज असते, आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ती उतरते. त्या काळात तिखट, आंबट, कोरडे आणि ऊन पदार्थ वर्ज्य करावेत. साय घातलेली पेज, गार दूध, पिकलेले केळे कुस्करून, असे द्यावे. गिळण्यापूर्वी घ्यावयाचे बधिर करणारे औषध डॉक्टर देतात, ते मागून घ्यावे. औषधांच्या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप आला तर तो घरी पॅरासिटामॉलने दडपू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथे फ्रांझ टोरेक नावाच्या शल्यचिकित्सकाने एका स्त्रीची छातीतील अन्ननलिका कर्करोगासाठी यशस्वीपणे काढली. पुढे जोडायचे कसे हे तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून मानेवर एक छिद्र, पोटावर एक छिद्र, आणि दोहोंना जोडणारी रबराची नळी शरीराबाहेरून, अशी व्यवस्था केली. ती बाई त्या नळीने जेवत एक तपाहून अधिक काळ जगली. पुढे १९३३ च्या सुमारास जपानमध्ये ओहसावा यांनी जठर वर ओढून जोडण्यात यश मिळविले आणि १९४६ मध्ये आयव्हर लुईस या वेल्श शल्यचिकित्सकाने पोट आणि छाती उघडून करावयाची पद्धत मांडली; ती आजही त्यांच्याच नावाने चालते. जठराची लांबट नळी बनवून ती छातीत वा मानेपर्यंत वर आणावयाची आणि उरलेल्या अन्ननलिकेला शिवावयाची, हे तिचे सार. आता पुष्कळ ठिकाणी हेच काम छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने होते आणि त्यामुळे न्यूमोनियाचे प्रमाण घटते. तरीही ही मोठी शस्त्रक्रिया आहे. शिवलेल्या जागी गळती होण्याचा धोका साधारण दहांत एकाला असतो. यास्तव ‘ही शस्त्रक्रिया येथे वर्षाला किती होतात?’ हा प्रश्न नम्रपणे पण अवश्य विचारावा. जेथे ती वारंवार होते तेथे निकाल चांगले लागतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

आता मुख्य मुद्दा. रुग्ण घरी येतो तेव्हा त्याच्या शरीरात जठराची जुनी थैली राहिलेली नसते. तिची अरुंद नळी झालेली असते. जठराच्या तोंडाशी असलेली झडप गेलेली असते, आणि पचनाचा वेग सांभाळणारी मज्जातंतूंची जोडीही कापली गेलेली असते. म्हणजे तीन गोष्टी बदलल्या : थोडक्यात पोट भरते, आडवे झाले की वर येते, आणि काही वेळा अन्न एकदम आतड्यात उतरते. या तिन्हींना औषध थोडे आणि रीत पुष्कळ.

रीत अशी. दिवसातून दोन जेवणांऐवजी सहा ते आठ वेळा, वाटीभर. घास लहान, चावणे दीर्घ, पाठ ताठ. जेवताना पाणी जवळजवळ नाहीच. अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासानंतर घोट घोट प्यावे, नाही तर अन्नाची जागा पाणी घेते. झोपण्यापूर्वी तीन तास काही खाऊ नये. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा घालून तो वीतभर उंच करावा. नुसत्या उशा रचल्याने मान मोडते आणि पोट दुमडते. शस्त्रक्रियेनंतर सपाट झोपणे हे कायमचे सुटले असे समजावे. खाली वाकून जोडे बांधण्यापेक्षा जोडा स्टुलावर ठेवून बांधावा.

गोडाविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. आपल्या गावी आजाऱ्याला भेटावयास येणारा रिकाम्या हाताने येत नाही. कोणी कुंदा आणतो, कोणी शिरा करून पाठवितो, उन्हाळा असेल तर सरबत. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने हे रिकाम्या पोटी खाल्ले की साखर भराभर आतड्यात उतरते, आतडे तिच्याकडे पाणी ओढून घेते, आणि दहापंधरा मिनिटांत छाती धडधडणे, घाम, पोटात कळ आणि जुलाब सुरू होतात. कधी कधी एक ते तीन तासांनी दुसराच प्रकार घडतो : साखरेला उत्तर म्हणून शरीर इन्सुलिन अति सोडते, रक्तातील साखर उतरते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरच्यांना वाटते हृदयाचा झटका आला. पहिल्या प्रकारात आडवारून स्वस्थ पडावे, मात्र डोके उंच. दुसऱ्यात थोडे काही खाल्ले की बरे वाटते. दोन्ही टाळण्याचा मार्ग एकच : गोड फार थोडे, तेही जेवणाच्या शेवटी, आणि प्रत्येक खाण्यात डाळ, अंडे, दही असे काही प्रथिनांचे हवेच.

उपवासाचा प्रश्न दोन्हींकडील घरांत निघतो. दीर्घकाळ उपाशी राहणे आणि संध्याकाळी एकदम पोटभर खाणे, या दोन्ही गोष्टी या शरीराला मानवत नाहीत. रोज्यातून आजाऱ्याला सूट आहे, आणि जो कायमचा असमर्थ आहे त्याने रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालावे अशी तरतूदही आहे. एकादशी वा संकष्टी करणाऱ्या रुग्णानेही आपल्या घरच्या जाणत्याला विचारून असाच मार्ग काढावा. हा विषय शस्त्रक्रियेपूर्वीच बोलून ठेवलेला बरा. रमजानच्या पहिल्या संध्याकाळी दस्तरखानावर सगळे जमलेले असताना हा वाद काढू नये.

माझ्या मामूंची शुश्रूषा आमच्या घरी झाली. मामू दोन घास खाऊन हात धुवू लागले की मुमानींच्या डोळ्यांत पाणी यायचे. “एवढंसं खाऊन माणूस उभा कसा राहणार?” असे म्हणत त्या आणखी वाढायच्या, मामू संतापायचे, आणि दोघेही उपाशी उठायचे. हा प्रसंग या रोगाच्या बहुतेक घरांत घडत असणार. आग्रह हे आपल्या समाजात प्रेमाचे रूप आहे, परंतु या रुग्णापुढे आग्रह म्हणजे चढण. आम्ही शेवटी शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही आखली : वेळ, पदार्थ, किती वाट्या, त्रास झाला का. दर रविवारी सकाळी वजन. आठवड्याची बेरीज समोर दिसू लागली तेव्हा मुमानींचा जीव भांड्यात पडला. एका वेळी दोनच घास असले तरी दिवसभराचे मिळून पुरेसे होत होते. वहीचा दुसरा उपयोग रुग्णालयात झाला. ‘जेवतात बरे’ या उत्तरापेक्षा ‘तीन आठवड्यांत दोन किलो उतरले’ हे उत्तर डॉक्टरांच्या कामाचे असते. पहिल्या सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा किंवा अधिक जाणे पुष्कळांच्या बाबतीत घडते. पुढे ते स्थिर व्हावे. होत नसेल तर कारण शोधावे लागते.

बरे होत आलेल्या रुग्णाचा घास काही आठवड्यांनी पुन्हा अडू लागला तर घरावर वीज कोसळते. बहुधा तो शिवणीच्या जागी आलेला आकुंचनाचा दोष असतो; दुर्बिणीतून फुगा घालून ती जागा रुंद करतात, कधी दोनतीनदा. पण ‘बहुधा’ हा शब्द आपण घरी बसून उच्चारावयाचा नाही, तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी उच्चारावयाचा. रोग उलटतो तो मुख्यतः पहिल्या दोनतीन वर्षांत, म्हणून त्या काळातील तपासणीची तारीख लग्नकार्यासाठीही पुढे ढकलू नये. लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व अधूनमधून तपासून घ्यावे. जठराचे काम बदलल्याने त्यांची उणीव हळूहळू येते आणि थकवा वयावर ढकलला जातो.

अंगात त्राण येण्यास सहा महिने ते वर्ष लागते, आणि मनाला त्याहूनही अधिक. ज्याचे जेवण बदलले तो पंगतीतून उठतो, लग्नांना जाणे टाळतो, मित्रांचा चहाही नको म्हणतो. त्याचे दुःख अन्नापेक्षा सोबतीचे असते. त्याला लहान ताटलीत वाढावे, सर्वांबरोबर बसवावे, आणि त्याने मध्येच हात आखडता घेतला तर कोणी त्याच्याकडे पाहू नये. कामाविषयीही तेच. सेइजी ओझावा या जपानी संगीतसंचालकाला २०१० च्या जानेवारीत हा रोग असल्याचे जाहीर झाले. तपासणीत तो लवकर सापडला होता, आणि शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मात्सुमोतो येथील महोत्सवात त्यांनी संपूर्ण कार्यक्रम केला नाही. सुमारे सात मिनिटांची एकच रचना वाजविवली आणि बाकीचे इतरांवर सोपविले. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते पूर्ण सिंफनीसाठी उभे राहिले. त्यानंतरही पाठीची शस्त्रक्रिया, न्यूमोनिया, विश्रांतीची वर्षे असे चालूच राहिले, आणि ते २०२४ च्या फेब्रुवारीत, ८८ व्या वर्षी निवर्तले. त्यांतील सात मिनिटे मला महत्त्वाची वाटतात. दुकानदाराने सकाळचे दोन तास गल्ल्यावर बसावे, शिक्षकाने एक तासिका घ्यावी; तेवढ्याला ‘काम’ म्हणण्याचा मोठेपणा इतरांनी दाखवावा.

बेळगावसारख्या ठिकाणाहून पुष्कळजण मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. १९४१ पासून ते या रोगाशी झुंजत आहे, आणि दूरगावच्या रुग्णांना उतरण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणे आहेत. परंतु सर्व उपचार मुंबईतच व्हावेत असे नाही. मोठ्या रुग्णालयात योजना ठरवून किरणोपचार वा औषधे घराजवळच्या केंद्रात घेता येतात का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. पाच आठवडे परगावी राहण्याचा खर्च उपचाराहून जड होतो. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड आधीच तयार असावे, रुग्णालयाच्या दारात धावपळ नको. सर्व कागद तारखेप्रमाणे एकाच फायलीत लावावेत आणि एकाच नातलगाने डॉक्टरांशी बोलावे. वजनकाटा, श्वासाचे यंत्र, मिक्सर आणि पलंगाखालच्या विटा या चार वस्तू रुग्ण घरी येण्याआधी घरात असाव्यात.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लाभत नाही. रोग पसरलेला असेल तेव्हा उपचाराचा हेतू बदलतो. मग अरुंद जागेत धातूची जाळीदार नळी बसवितात. ती आपोआप उमलते आणि एकदोन दिवसांत माणूस मऊ अन्न खाऊ लागतो. नळी बसलेल्याने मांसाचे तुकडे, भाकरीचा कोरडा घास, पालेभाजीचे दोरे, संत्र्याच्या फोडी टाळाव्यात, सर्व काही दाट पातळ करून घ्यावे, आणि खाऊन झाल्यावर कोमट पाण्याचे घोट घ्यावेत म्हणजे नळी साफ राहते. कित्येकांना थोड्या दिवसांच्या किरणोपचारानेही गिळणे सुधारते. रुग्णाला खरे सांगावे की नाही, यावर घराघरांत कुजबुज चालते. माझा अनुभव असा की त्याला बहुधा कळलेले असते. आपण लपविले की त्याला बोलावयास कोणी उरत नाही. त्याला किती ऐकायचे आहे हे त्यालाच विचारावे. वेदना मात्र कोणी सहन करू नये. मॉर्फीनच्या गोळ्या या रोगात योग्य मात्रेत दिल्याने माणूस व्यसनी होत नाही. बद्धकोष्ठ होते, त्याचे औषध बरोबरच सुरू करावे लागते. या गोळ्या मिळण्यातील कायद्याची अडचण २०१४ च्या दुरुस्तीने बरीच कमी झाली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्या कोणत्या रुग्णालयात मिळतात, हे दुखणे वाढण्यापूर्वीच विचारून, पत्ता फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.